पुलस्त्याशेजारचा खोटा तारा

सेलिन तुस्कानो आमच्या शाळेत चित्रकला शिकवायची आणि मी मराठी. वसईतल्या माणिकपूरच्या त्या शाळेत आम्ही पंधरा वर्षं शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसलो, म्हणून हे सगळं मला माहीत आहे. यातलं थोडं तिच्या तोंडून ऐकलेलं, बाकीचं डोळ्यांदेखत घडलेलं. आणि जे घडलं त्यात माझाही हात होता, तेही सांगते.

सेलिन भुईगावची. केळीच्या वाडीत कौलारू घर, मागे विहीर, पुढे शेणाने सारवलेलं मोठं अंगण. आईवडील लवकर गेले. घरात ती आणि तिचा दोन वर्षांनी धाकटा भाऊ प्लासिड. तिने लग्न केलं नाही, त्यानेही नाही. प्लासिड वालीवच्या एका कारखान्यात फिटर होता. शिक्षण आठवीपर्यंत, पण हाताने लोखंड असं वळवायचा की कारखान्याचा मालक परगावचे पाहुणे आले की आधी त्याचं काम दाखवायचा.

प्लासिडला आकाशाचं वेड कुठून लागलं हे सेलिनलाही सांगता येत नसे. १९७३ साली तो चोरबाजारातून जहाजाच्या गोल खिडकीच्या दोन जाड काचा घेऊन आला आणि म्हणाला, "बाय, यातून आपण दुर्बीण करू." अंगणात लोखंडी पिंप उभं केलं, त्यावर एक काच बसवली, मधे पाणी आणि खरखरीत पूड घातली आणि वर दुसरी काच ठेवून घासायला सुरुवात केली. चार वेळा पुढे-मागे, मग पिंपाभोवती एक पाऊल. घासता घासता वरची काच बशीसारखी खोलगट होते आणि तिचाच दुर्बिणीचा आरसा होतो. कारखान्यातून आला की रोज संध्याकाळी दोन तास. असं तीन वर्षं चाललं. आरसा दोनदा बिघडला, दोनदा पहिल्यापासून घासला. शेजारी त्याला घाण्याचा बैल म्हणायचे. शेवटी आठ इंची आरसा तयार झाला, त्यावर मुंबईहून चकाकी चढवून आणली, फळ्यांची चौकोनी नळी केली, पाण्याच्या पाइपांचा ठोकळेबाज पण पक्का पाया केला. लष्कराच्या मोडक्या दुर्बिणीतलं भिंग काढून डोळ्याशी लावलं.

त्या दुर्बिणीतून दोघांनी पुष्कळ पाहिलं. पण प्लासिडचा जीव अडकला होता तो एका दीर्घिकेत. सप्तर्षींमधला पुलस्त्य सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच्या अगदी शेजारी, डोळ्यांना न दिसणारी, आकाश पाहणाऱ्यांच्या ठरलेल्या यादीत एकशे नऊ नंबरची एक दीर्घिका आहे. सर्पिल, पण साधी नाही. तिच्या गाभ्यातून दोन्ही बाजूंना ताऱ्यांचा सरळ दांडा निघतो आणि त्या दांड्याच्या टोकांपासून बाहू वळतात. पुस्तकातल्या फोटोत हे स्वच्छ दिसतं. अंगणातल्या दुर्बिणीत मात्र फुंकर मारलेल्या काचेवरच्या वाफेएवढा पुसट डाग दिसायचा, तोही शेजारच्या पुलस्त्याच्या झगमगाटात बुडालेला. प्लासिडने युक्ती काढली. दुर्बीण जराशी सरकवून पुलस्त्याला नजरेबाहेर ढकलायचं, डोक्यावर काळं फडकं घ्यायचं आणि डागाकडे सरळ न बघता त्याच्या बाजूला बघायचं.

१९७८ च्या एप्रिलमध्ये लागोपाठ नऊ संध्याकाळी तो असा बसला. नवव्या दिवशी म्हणाला, "बाय, दांडा आहे. तू बघ. माझ्या हाताला चित्र येत नाही, तू काढ."

सेलिनने पाहिलं. तिला दिसायला वीस मिनिटं लागली. मग गुडघ्यावर वही ठेवून, लाल कागद गुंडाळलेल्या बॅटरीच्या उजेडात तिने ते काढलं. पेन्सिलीची पूड बोटाने पसरून डाग, मधे तिरका दांडा, एका टोकाला बाहूचा भास. खाली कोपऱ्यात तिने लिहिलं: आरसा – प्लासिड, चित्र – सेलिन.

त्याच वर्षी नोव्हेंबरात प्लासिड काविळीने गेला. बत्तीस वर्षांचा होता.

आता मुख्याध्यापकांविषयी. व्हॅलेरियन मच्याडो सर गणिताचे पदवीधर, भाषणात पटाईत, अंगावर कायम पांढरा कोट. त्यांच्याकडे विलायती बनावटीची चार इंची पितळी दुर्बीण होती, ती ऑफिसात काचेच्या कपाटात असायची. त्यांनी गावात खगोलमंडळ काढलं होतं आणि मुंबईतल्या एका मोठ्या मंडळाचे ते सभासद होते. प्लासिड गेल्यावर महिन्याभराने ते सेलिनला म्हणाले, "मिस, ते चित्र द्या. मुंबईकरांना दाखवतो. प्लासिडचं नाव होईल."

तिने वहीतल्या चित्राची पक्की प्रत करून दिली, कोपऱ्यातल्या ओळीसकट. वर्षभर काही कळलं नाही. १९८० च्या जानेवारीत मुंबईच्या मंडळाचा त्रैमासिक अंक स्टाफरूममध्ये फिरत आला. चित्र छापलं होतं. खालचा कोपरा कापला होता. वर नाव व्हॅलेरियन मच्याडो आणि मजकुरात 'मी स्वतः घासलेल्या आठ इंची आरशातून' असं होतं. त्या चित्रासाठी मंडळाने त्यांना पदकही जाहीर केलं होतं.

सेलिन अंक घेऊन ऑफिसात गेली. मी वह्यांचा गठ्ठा घेऊन दाराशी उभी होते, मला सगळं ऐकू आलं.

"सर, हे चित्र माझं आहे."

"आपल्या गावच्या मंडळाचं आहे, मिस. तुम्ही मंडळात आहात ना?"

"आरसा प्लासिडने घासला. तीन वर्षं."

"हे बघा," सर शांतपणे म्हणाले, "अशा अंकात फिटरचं नाव कोण छापतं? आणि तो तर गेला. त्याला आता नावाचं काय करायचंय?"

सेलिन बाहेर आली. मला वाटलं रडेल. तिचा चेहरा मात्र अगदी कोरडा होता. तिने मुंबईच्या मंडळाला पत्र लिहिलं. तिथून ते पत्र 'आपसात मिटवावे' असा शेरा मारून सरांकडेच परत आलं. दुसऱ्या आठवड्यात सेलिनचे वरच्या वर्गांचे तास काढून घेतले आणि तिला शिवणाच्या वर्गावर देखरेखीला बसवलं. मी म्हटलं, आपण शाळेच्या कमिटीकडे जाऊ. ती म्हणाली, "नको, मंदा. माझ्या तोंडाने नाही. हा माणूस स्वतःच्या तोंडाने खोटा ठरला पाहिजे, आणि सगळ्यांसमोर."

तिची आकाशाची वही चित्रकलेच्या खोलीतल्या कपाटात असे. दुपारच्या सुट्टीत ती कच्ची चित्रं पक्की करायची. कपाटाची दुसरी किल्ली ऑफिसात होती. एके दिवशी तिने मला वहीची पानं तिरकी धरून दाखवली. चित्रांच्या कडांवरून कुणीतरी वर पातळ कागद ठेवून गिरवल्याच्या खोलगट रेघा होत्या. तिने वहीच्या पाठीवर निळ्या खडूची पूड चोळून ठेवली. दोनच दिवसांत सरांच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीवर निळा डाग दिसला. पुढच्या अंकात आणखी दोन चित्रं त्यांच्या नावाने आली.

"आता तरी वही घरी ने," मी म्हटलं.

"कशाला?" ती म्हणाली. "त्यांना सवय लागू दे."

सवय लागायला तिने वर्ष दिलं. या काळात वहीत एकही चूक होऊ दिली नाही. तारीख, वेळ, हवा, प्रत्येक तारा जागच्या जागी. सर डोळे मिटून उतरवत गेले आणि मुंबईत त्यांचं नाव वाढत गेलं. सेलिन त्यांना रोज सकाळी "गुड मॉर्निंग, सर" म्हणायची.

१९८१ च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिने मला वही उघडून दाखवली. एकशे नऊ नंबरची दीर्घिका, तीन संध्याकाळची तीन चित्रं. पहिल्यात पश्चिमेकडच्या बाहूवर एक बारीक ठिपका. दुसऱ्यात तोच, जरा ठळक. तिसऱ्यात आणखी ठळक. खाली तिच्या सुंदर अक्षरात: 'पूर्वी येथे तारा नव्हता. सुपरनोव्हा असावा. उद्या-परवा मुंबईस तारेने कळवावे. उशीर झाल्यास दुसरा कोणी कळवील.'

फुटून मरणारा तारा काही दिवस अख्ख्या दीर्घिकेएवढा उजळतो आणि तो आधी पाहणाऱ्याचं नाव जगभर जातं, हे मला तिच्यामुळेच माहीत होतं. मी हरखून म्हटलं, "सेलिन, खरंच दिसला?"

"नाही," ती म्हणाली. "तिथे काहीच नाही."

मग तिने वही मिटली, नेहमीच्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस होते. गावातली सगळी माणसं कुमसाराला, म्हणजे फादरांकडे पापाची कबुली द्यायला जात होती. सेलिन त्या वर्षी गेली नाही. मी कारण विचारलं तर म्हणाली, "कबुली द्यायची तर आधी पश्चात्ताप लागतो. तो मला येत नाही. उगाच फादरांचा वेळ का घालवू?"

ती वही कपाटात ठेवल्याच्या दुसऱ्याच दिवशी सरांनी मुंबईला तार केली. पाडव्याच्या सुमारास पेपरात बातमी आली, 'वसईच्या मुख्याध्यापकांनी शोधला मरणारा तारा'. शाळेने तातडीने सत्कार ठरवला. मानपत्र लिहायला मला सांगितलं, सुवाच्य अक्षरात रंगवायला सेलिनला. मी नाही म्हणू शकले असते. पण मी लिहिलं, आणि मन लावून लिहिलं: 'आपल्या तीक्ष्ण नजरेने आणि निर्मळ निष्ठेने.' सेलिनने ते सोनेरी शाईने रंगवलं. 'निर्मळ' या शब्दाला तिने विशेष वेलबुट्टी काढली. सभागृहात मुलांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. सरांच्या पत्नी ग्रेसीबाई पहिल्या रांगेत नवी साडी नेसून बसल्या होत्या. त्यांच्याकडे पाहताना मला एकदा वाटलं, आता थांबावं. मी सेलिनच्या कानाशी म्हटलं, "अजून वेळ आहे." ती समोर बघत टाळ्या वाजवत राहिली.

तिकडे दक्षिणेतल्या एका वेधशाळेने त्या जागेचा फोटो घेतला. त्यात तारा नव्हता. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्ष गुरुदत्त कोठारे, रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनिअर, यांनी निरोप पाठवला की फोटोची चूक असू शकते, आम्ही बुधवारी येतो, ज्या दुर्बिणीतून दिसला तिच्यातूनच दाखवा.

बुधवारी दुपारी सर भुईगावला सेलिनच्या घरी आले. मी आधीच तिच्याकडे गेले होते. ते खुर्चीत बसले नाहीत.

"मिस, आज दुर्बीण लागेल."

"तुमचीच आहे, सर," सेलिन म्हणाली. "अंकात तसं छापलंय. पण जड आहे, न्यायला जमणार नाही. पाहुण्यांना इथेच आणा."

संध्याकाळी अंगणात आठ-दहा माणसं जमली. कोठारे, त्यांच्याबरोबरचे दोघे, शाळेच्या कमिटीतले दोन सभासद, ग्रेसीबाई, शेजारपाजारची मंडळी. पश्चिमेला चंद्राची बारीक कोर होती, ईशान्येला सप्तर्षी वर चढले होते. साडेआठला सर दुर्बिणीपाशी गेले. प्लासिडने पाइपांचा जो पाया केला होता तो हलवायची एक रीत होती. खालचा पेच सैल करायचा, मग नळी वळायची. सरांना पेच सापडला नाही. त्यांनी नळी तशीच ओढली, ती कुरकुरली. मग कुणीतरी पेच दाखवला. पुलस्त्य त्यांना सापडला, पण त्याच्याशेजारचं काही सापडेना. पाऊण तास ते भिंगाला डोळा लावून होते. पाठीवर कोट घामाने भिजला होता.

"हवा चांगली नाही," ते म्हणाले. "धुरकट आहे."

कोठारे वर बघून म्हणाले, "हवा स्वच्छ आहे, मच्याडो. आरशाला किती पूड लागली होती हो तुम्हाला? शेवटचं पॉलिश कशावर केलंत?"

सर कोटाच्या बाहीने भिंग पुसू लागले.

"मी लावून देऊ का?" सेलिनने विचारलं.

तिने नळीला हात लावला आणि दोन मिनिटांत बाजूला झाली. "डोक्यावर फडकं घ्या," ती कोठाऱ्यांना म्हणाली. "सरळ बघू नका, जरा डावीकडे बघा. घाई करू नका."

बऱ्याच वेळाने कोठारे फडक्याआडूनच म्हणाले, "दांडा दिसतोय. अप्रतिम आरसा आहे. पण तारा कुठे आहे?"

"तारा नाही," सेलिन म्हणाली. "कधीच नव्हता. मी माझ्या वहीत काढला होता. सरांनी तो तिथून घेतला."

तिने वही उघडून त्यांच्या हातात दिली, बॅटरी धरली आणि पानं तिरकी करून गिरवलेल्या रेघा दाखवल्या. मग १९७८ च्या चित्राची कच्ची प्रत काढली, कोपऱ्यासकट. "या माणसाने तो आरसा घासला," ती म्हणाली. "सर म्हणाले होते, तो मेला, त्याला नावाचं काय करायचंय. तुम्हीच विचारा त्यांना."

कोठाऱ्यांनी वही मिटून तिला परत दिली. सर वाडीच्या वाटेने निघून गेले. ग्रेसीबाई त्यांच्यामागून गेल्या. जाताना त्यांनी सेलिनकडे पाहिलं, आणि ती नजर मला अजून आठवते. सेलिन मात्र पाहुण्यांसाठी सरबत करायला आत गेली. मी मागोमाग गेले तर ती चुलीपाशी उभी राहून हसत होती. आवाज न करता, खांदे हलवत, तोंडावर पदर धरून. प्लासिड गेल्यानंतर मी तिला प्रथमच हसताना पाहत होते.

मुंबईच्या मंडळाने सरांचं पदक काढून घेतलं. शाळेने मात्र त्यांना काढलं नाही. कमिटीला गाजावाजा नको होता. ते महिनाभर आजारपणाच्या रजेवर गेले. परत आले तेव्हा मुलं त्यांना पाठीमागे 'तारा सर' म्हणू लागली होती. ऑफिसातल्या भिंतीवरचं मानपत्र नाहीसं झालं, खिळा राहिला. सेलिन मस्टरवर सही करताना रोज त्या खिळ्याकडे एकदा पाहायची, सरांना दिसेल असं. तेवढ्यावर तिचं भागलं नाही. सुट्टीत तिने सत्तर पोस्टकार्डं घेतली, प्रत्येकावर ती दीर्घिका हाताने काढली, खाली 'आरसा: प्लासिड तुस्कानो, भुईगाव' असं लिहिलं आणि मंडळाच्या एकेका सभासदाला पाठवून दिली.

पुढच्या अंकात चित्र परत छापलं गेलं, दोघा भावंडांच्या नावांसह. तिने लगेच आपली नवी चित्रं पाठवली. ती सगळी परत आली. बरोबर कोठाऱ्यांचं पत्र होतं. त्यांनी लिहिलं होतं की प्लासिडवर अन्याय झाला याची त्यांना लाज वाटते. पण ज्या वहीत एक तारा खोटा आहे त्या वहीतलं बाकीचं काही मंडळाला यापुढे घेता येणार नाही. पाहणाऱ्याजवळ शब्दाशिवाय दुसरं काही नसतं, असंही एक वाक्य त्यात होतं.

सेलिनने पत्र मला वाचायला दिलं. मी ते वाचून, घडी घालून तिला परत दिलं.

"बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय? हे आधी कळलं असतं तरी मी तेच केलं असतं."

त्यानंतर ती पाहत राहिली, पण चित्रं काढायची बंद झाली.

१९८८ च्या एप्रिलमध्ये मी तिच्याकडे एका संध्याकाळी गेले होते. सर निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. फाटकापाशी कुणीतरी उभं दिसलं. काठी टेकत तेच आले होते, एकटे. अंगणाच्या कडेला थांबले.

"मिस," ते म्हणाले, "एक मागायला आलोय. ती दीर्घिका मी कधी पाहिलीच नाही. त्या दिवशी नाही, आधीही नाही. लोकांना तिच्यावर भाषणं दिली. एकदा दाखवता?"

सेलिन दुर्बिणीपाशीच बसली होती. तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. तिने पुन्हा काही म्हणावं म्हणून थांबले असावेत. मग वळले. काठीचा आवाज वाडीतून दूर गेला.

"दाखवायचं होतंस गं," मी म्हटलं. "आता काय राहिलंय?"

"बस इथे," ती म्हणाली, आणि मला भिंगापाशी बसवलं. मी फडकं घेतलं, बाजूला पाहिलं, वाट पाहिली. काही दिसेना. करड्या उजेडात पुलस्त्य तेवढा चमकत होता. ईशान्येला तुळिंजच्या बाजूला नव्या इमारतींचे दिवे लागले होते, त्यांचा उजेड आभाळात अर्ध्यापर्यंत चढला होता.

"तीन वर्षं झाली, दिसत नाही," सेलिन म्हणाली. "दांडा तर नाहीच, डागही नाही."

"मग तसं सांगायचं ना त्यांना. 'नाही' का म्हणालीस?"

"दिसत असूनही मी दाखवली नाही, असंच त्यांना वाटू दे."

त्याच पावसाळ्यात सर वारले. अंत्यविधीला चर्चमध्ये गर्दी होती. सेलिन आली, काळा पोशाख घालून शेवटच्या बाकावर बसली, सगळ्या प्रार्थना म्हटल्या, कबरीवर मूठभर माती टाकली. ग्रेसीबाईंनी तिचा हात धरला, तो तिने सोडवून घेतला नाही. माणिकपूरला परत येताना रिक्षात मी विचारलं, "मनातलं गेलं का गं आता?"

"नाही," ती म्हणाली. "ते खरंच गेले याची खात्री करायला आले होते."

रिक्षावाला सुटे मागत होता. तिने पर्स उघडली, पैसे दिले आणि शाळेच्या फाटकातून आत गेली. तिचा चौथा तास होता.